डावीकडचं वळण

“अरेच्चा! म्हणजे तुम्ही इंजिनच्या ताई का?” दंतवैद्य म्हणाले, तेव्हा ती एका कवळीच्या मेणात पुढचे दात बसवत होती, आणि चौथा दात बसता बसता किंचित तिरका गेला. दंतवैद्य दर गुरुवारी तयार कवळ्या न्यायला तिच्या कार्यशाळेत येत. गेल्याच महिन्यात त्यांनी सायकल घेतली होती आणि नव्याने सायकल घेतलेल्या माणसाला होतो तो आजार त्यांनाही झाला होता. दुसरा विषयच नाही. तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक फोटो होता. दोनशे किलोमीटर संपवून दोघी बहिणी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या. दंतवैद्यांनी चष्मा कपाळावर चढवून त्यात नाक खुपसलं. “काय बाई आहे हो ही! चढावर माझ्या शेजारून गेली, तीही गाणं गुणगुणत. मी कॅप्टनला विचारलं, ही कोण, तर म्हणाला, आमचं इंजिन. तुम्हीही करता की काय?” “करते अधूनमधून,” ती म्हणाली. शब्द तोंडातून गेले आणि तिचं तिलाच नवल वाटलं. सलग एकोणसाठ महिने, एकही खाडा नाही, तापात, आईच्या ऑपरेशनच्या आठवड्यात, नवऱ्याच्या बदलीच्या धांदलीत, आणि म्हणे अधूनमधून! दंतवैद्य डबा घेऊन गेले. तिने तिरका दात उपटला, मेण दिव्यावर धरून पुन्हा मऊ केलं, दात पुन्हा बसवला. तो पुन्हा तिरका गेला. तिने दिवा विझवला आणि कवळी बाजूला ठेवून दिली.

नियम तसा सोपा होता. महिन्यातून एकदा, साडेतेरा तासांच्या आत दोनशे किलोमीटर. असे सलग बारा महिने झाले की एक वर्तुळ पुरं. एक महिना चुकला किंवा एकदा वेळ उलटून गेली की मोजणी पुन्हा एकपासून. त्यातून मिळायचं काय, तर एक पितळी बिल्ला. तो कोटाला शोभत नाही आणि फ्रीजला चिकटत नाही. तरी चाळीसेक माणसं दर महिन्याच्या एका रविवारी पहाटे उठून जमत आणि निवृत्त बसचालक असलेला कॅप्टन प्रत्येकाच्या कार्डावर पहिला शिक्का मारी. ती त्यांच्यात आली तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. वेगवान ती कधीच नव्हती, पण बाराव्या तासानंतर दहा मिनिटांनी ती येणार म्हणजे येणार, पाऊस असो की वारा. म्हणून तिला सगळे ‘घड्याळ’ म्हणत. “घड्याळ आलं, आता आवरायला घ्या,” असं कॅप्टन ओरडला की तिला बिल्ल्यापेक्षा जास्त आनंद होई. आयुष्यात तिला दुसऱ्या कुणी नाव ठेवलं नव्हतं, म्हणजे चांगल्या अर्थाने. मग एक वर्षापूर्वी धाकटी आली. पहिल्याच दिवशी भर घोळक्यात तिने हाक मारली, “ताई, माझ्या हेल्मेटचा बंद लाव ना गं, घट्ट बसतोय.” झालं! त्या दिवसापासून ती सगळ्यांची ताई झाली. तिच्याहून सतरा वर्षांनी मोठा असलेला कॅप्टनसुद्धा ताई म्हणू लागला. आणि एकदा बाई ताई झाली की तिला किती वेळ लागला हे कुणी विचारत नाही. जास्तीचं केळं आहे का, एवढंच विचारतात.

धाकटीला लहानपणी दमा होता. घरातून निघताना आई दोघींना दारात उभं करून मोठीच्या कानाशी वाकायची आणि म्हणायची, “तिला पळवू नकोस हं.” शाळा वीस मिनिटांवर, त्यांना चाळीस लागत. धाकटीला आपल्यासाठी कुणी हळू चालतंय हे कळू द्यायचं नाही, कारण कळलं की ती रडायची आणि रडली की धाप लागायची; म्हणून मोठी मध्येच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायची, दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायची, कुत्र्यांशी बोलायची. त्या रस्त्यावरचे चष्म्याचे, रंगाचे, घड्याळाचे दुकानदार तिला बडबडी मुलगी म्हणून ओळखत. ती बडबडी नव्हती. शेजारून येणारी छातीतली बारीक शिट्टी ऐकत ती चालत असे, शिट्टी वाढली की पाऊल आखडतं घ्यायचं, कमी झाली की सोडायचं. आठ वर्षं अशी गेली. पुढे धाकटी बरी झाली, मोठीचं लग्न झालं, पण ते आखडतं पाऊल तिच्या पायात राहूनच गेलं. नवरा म्हणायचा, “अगं, तू चालतेस की कुणाची वाट बघतेस?” आणि मग त्रेचाळिसाव्या वर्षी, कुणाच्या तरी आग्रहाने घेतलेल्या सायकलवरून ती एका लांबलचक उतारावर सुटली. कानात वारा घोंघावत होता आणि त्या वाऱ्यापलीकडे ऐकायचं असं काहीही नव्हतं. मागे कुणी नाही. उताराच्या तळाशी ती उतरली आणि रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडली. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतंच काय त्यात?

बरं, धाकटीला सायकल दिली कुणी, तर तिनेच. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. धाकटी शाळेत ग्रंथपाल, दिवसभर बसून काम, आई आणि ती, दोघीच राहणाऱ्या. तिने आपली जुनी सायकल तेलपाणी करून नेऊन दिली. दहा-बारा किलोमीटर करेल आणि मग तिच्यावर टॉवेल वाळत घालेल, असा तिचा हिशेब. हा हिशेब तेव्हा प्रेमाचाच वाटला होता. तीन महिन्यांत धाकटी तिच्या बरोबरीने होती, सहाव्या महिन्यात पुढे. आणि वर कुणीही कौतुक केलं की लगेच, “सगळं ताईमुळे हो, तिनेच मला सायकलवर बसवलं!” हे तर सगळ्यात जिव्हारी लागे. एखादीने मिजास केली असती तर तिच्यावर रागावता तरी आलं असतं.

गुरुवारी संध्याकाळी जेवताना तिने दंतवैद्यांचं बोलणं नवऱ्याला सांगितलं. हसत हसतच सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करी, आणि बंद पडलेल्या लिफ्टमधल्या माणसांना हसवत ठेवण्याची त्याला सवय होती. “इंजिनची बहीण म्हणजे कोण?” तो म्हणाला. “डबा!” तीही खळखळून हसली. मग ताट उचलून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ नुसती उभी राहिली. पोटात काहीतरी आंबट, गरम फिरत होतं. त्याला नाव आहे हे तिला ठाऊक होतं. पन्नाशीला टेकलेल्या बाईने सख्ख्या बहिणीच्या बाबतीत तो शब्द वापरायचा म्हणजे लाज वाटायची गोष्ट, म्हणून ती त्याला पित्त म्हणत असे आणि त्यावर गोळी घेत असे.

रविवारी सहाला सगळे निघाले. तिचा साठावा महिना, धाकटीचा बारावा. दोघींची वर्तुळं एकाच दिवशी पुरी व्हायची होती, तिचं पाचवं, धाकटीचं पहिलं. वारा पाठीशी होता, त्यामुळे जाताना सगळेच खुशीत. वाटेतला पहिला शिक्का झाला, शंभरावा किलोमीटर झाला, दुसरा शिक्का झाला. धाकटी तिच्या शेजारून चालवत राहिली. तिला पुढे जायचं होतं हे तिच्या पायांवरून दिसत होतं. पायडल मारून ती मध्येच थांबे, चाक नुसतं फिरू देई, मग पुन्हा एक-दोन मारी. मोठीच्या ते लक्षात आलं आणि तिच्या कानशिलांत रक्त चढलं. ही माझ्यासाठी हळू चालवतेय. मला कळू न देता!

“आईने काय ठरवलंय माहितेय?” धाकटी म्हणाली. “बिल्ला फ्रेम करून पुढच्या खोलीत लावणार म्हणते. मी म्हटलं, अगं आई, लोक हसतील.”

“माझे चार आहेत,” ती म्हणाली.

“हो ना! कुठे असतात गं तुझे?”

“ड्रॉवरमध्ये. स्क्रूड्रायव्हरबरोबर.”

धाकटी मोठ्याने हसली. तिला हे विनोदी वाटलं. “तू म्हणजे ना, ताई,” ती म्हणाली.

“तू हो पुढे. मी येते माझ्या चालीने.”

“नक्की?”

“जा म्हटलं ना.”

धाकटी सुटली. दोनशे, तीनशे मीटर पुढे गेली आणि तिथे तेवढ्याच अंतरावर तिची पिवळी पाठ हलत राहिली. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना कापून नेलेली शेतं, डोक्यावर ऊन. पुढे एक चौक येणार होता. तिथे डावीकडे वळायचं. हा रस्ता तिने तीनदा केलेला होता, धाकटी पहिल्यांदाच करत होती. वळणावर कॅप्टनने आदल्या दिवशीच येऊन चुन्याने बाण काढून ठेवलेला असतो. पण त्या बाणावर आज नेमका एक दुधाचा टँकर उभा होता. चालक खाली उतरून टायरवर लाथ मारून पाहत होता. धाकटीने टँकरला वळसा घातला आणि ती सरळ गेली.

सगळं काही त्यानंतरच्या पाच-सहा सेकंदांत झालं, आणि पुढे कित्येक दिवस ती ते सेकंद एकेक करून हातात घेऊन पाहणार होती. वारा पाठीमागून होता. हाक मारली असती तर वाऱ्याने ती अलगद उचलून धाकटीच्या कानात नेऊन टाकली असती. तिने श्वास घेतला होता, हे तिला पक्कं आठवतं. हाक मारण्याआधी घेतो तसाच, छातीभर. तोंड उघडलं होतं. ‘अगं’ हा शब्द जिभेवर आलेला होता. आणि तो तिथेच राहिला. ती विसरली नव्हती, गोंधळली नव्हती. उद्या कुणी म्हणालं की बाई, थकवा होता, ऊन होतं, तर तेही खोटं होतं. तिला स्वच्छ कळत होतं की आपण हाक मारत नाही आहोत. धाकटीचा फोन बॅटरी वाचवायला बंद असतो हेही त्याच क्षणी आठवलं. टँकरवाल्याने तिच्याकडे पाहिलं. ती डावीकडे वळली.

आणि मग काय सांगावं! पुढचे तीस किलोमीटर तिच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते. पाय आपोआप फिरत होते. समोर कुणाची पाठ नव्हती. झाडं, खांब, कालव्याचं पाणी, सगळं कोरं करकरीत, कुणी आधी पाहून न गेलेलं. तिने गाणं गुणगुणून पाहिलं. धाप लागली तरी गुणगुणली. मनाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी म्हणत होतं, कळेल तिला एक-दोन किलोमीटरवर, फिरेल मागे, काही बिघडत नाही. त्या कोपऱ्याकडे तिने पाठ फिरवली. तिसरा थांबा एका पंक्चरवाल्याच्या टपरीपाशी होता. शिक्का मारायला बसलेली पोस्टातली बाई मान उंचावून म्हणाली, “हे काय ताई, आज तुम्ही आधी? इंजिन कुठंय?”

“पुढे नाही का गेली?” ती म्हणाली. किती सहज! स्वतःचा आवाज तिने परक्यासारखा ऐकला.

“नाही बाई. अजून आलीच नाही.”

“येईल मग. थांबली असेल कुठेतरी.”

सव्वादोन वाजले होते. हा थांबा चारला आठ मिनिटं कमी असताना बंद व्हायचा. पाय आखडलेत अशी सबब सांगून ती बाकावर बसली. पावातला बटाटा तिने तसाच कागदात गुंडाळून ठेवला. एकेक करून मागचे सगळे आले, शिक्के मारून गेले. पिवळा शर्ट कुणीच पाहिला नव्हता. तीन वाजले. सुखाचा रंग उतरला आणि खालून भीती वर आली. त्या सरळ रस्त्याने दगडांच्या खाणीचे ट्रक जातात. धूळ असते. धुळीने धाकटीला पूर्वी व्हायचं ते आता होत नाही, पण कुणी सांगावं. तिने तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा बंद. आणि तरीही त्या भीतीच्या तळाशी बसून आणखी एक कुणीतरी घड्याळाकडे पाहत होतं, साडेतीन, तीन चाळीस, आता नाही पोचत, आता नाही. आणि ते जे कुणी होतं ते खूश होतं. बहीण सुखरूप यावी आणि आठ मिनिटं उशिरा यावी. देवाकडे मागायचं झालं असतं तर तिने अगदी एवढंच मागितलं असतं. हे दिसलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

पावणेचारला धाकटी आली. अंगभर पांढरी धूळ, एका गुडघ्याला खरचटलेलं, आणि तोंडभर हसू. “वेळ आहे ना? आहे ना वेळ?” शिक्का पडला. पोस्टातल्या बाईने टाळ्या वाजवल्या. धाकटी धपकन बाकावर बसली आणि बाटली तोंडाला लावून मध्ये मध्ये बोलू लागली, “अगं, मी सरळच गेले! नऊ किलोमीटर! शेवटी रस्ताच संपला, खाण लागली. येताना पंक्चर. पण ताई, खाणीत एवढं मोठं हिरवंगार पाणी साचलंय, तुला दाखवायला हवं होतं. तू कशाला थांबलीस गं माझ्यासाठी?”

ती म्हणाली, “मी तुला सरळ जाताना पाहिलं.”

“हो? हाक मारलीस का? मला ऐकूच आलं नाही.”

इथे थांबता आलं असतं. धाकटीने स्वतःच दार उघडून धरलं होतं. नुसती मान डोलावली की झालं. का कुणास ठाऊक, तिच्याने ते झालं नाही. कदाचित ते हिरवं पाणी दाखवायचं होतं असं ती म्हणाली म्हणून असेल.

“नाही मारली.”

“म्हणजे?”

“मारली नाही. मारायची नव्हती मला.”

धाकटीने बाटलीचं झाकण लावलं. सावकाश, आटे नीट बसेपर्यंत फिरवत. मग तिने तोंडावरची धूळ पुसली आणि बहिणीकडे पाहिलं. धाकटी रडेल, तिला धाप लागेल, असं मोठीला वाटत होतं. इतक्या वर्षांत दुसरं काही झालेलंच नव्हतं. पण धाकटीचा चेहरा कोरडा होता, आणि प्रथमच तो एका पूर्ण वाढलेल्या, अनोळखी बाईचा दिसत होता.

“किती दिवसांपासून?” धाकटीने विचारलं.

“काय किती दिवसांपासून?”

“कळतंय तुला.” ती उठली. सायकल घेतली. “माझ्या जवळ येऊ नकोस.”

परतीचे बावन्न किलोमीटर. वारा आता समोरून, अंगावर भिंत येऊन पडल्यासारखा. धाकटीचे पाय अठरा जादा किलोमीटरांनी आणि खाणीच्या रस्त्याने केव्हाच रिते झाले होते. तीस किलोमीटर उरले तेव्हा ती डगमगू लागली. मोठी वेग वाढवून पुढे आली आणि तिच्यासमोर वारा अडवून चालवू लागली. मागच्याचे निम्मे कष्ट वाचतात, हे दोघींनाही माहीत होतं. धाकटी रस्त्याच्या दुसऱ्या कडेला गेली. मोठी त्या कडेला गेली. धाकटी परत या कडेला. दोन बायका रिकाम्या रस्त्यावर अशा या कडेहून त्या कडेला जात राहिल्या. शेवटी धाकटी थांबली, एक पाय जमिनीवर टेकवून.

“अगं, मागे राहा नुसती, वारा लागणार नाही. होईल तुझं वेळेत,” मोठी काकुळतीला येऊन म्हणाली.

“नको.”

“बारावा महिना आहे.”

“माझा आहे ना? मग मी बघेन.” धाकटीचा आवाज चढला नव्हता. “जा तू. थांबून माझ्यावर उपकार करू नकोस. तसे तू पुष्कळ केलेस.”

ती थांबली असती. मागोमाग रेंगाळत राहून, दोघींचीही वेळ घालवून, स्वतःचा साठावा महिना धाकटीच्या बाराव्याबरोबर मातीत घालून ती घरी गेली असती, तर सगळं जुन्यासारखं झालं असतं. तीच समजूतदार, तीच सोसणारी. तो विचार एवढा ओळखीचा आणि एवढा ऊबदार होता की तिला त्याचीच भीती वाटली. तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी वाट पाहत होती, ती जाण्याची. ती निघाली. पाऊल आखडतं न घेता, मागे कान न लावता, वाऱ्यात डोकं खुपसून तिने सगळा जोर लावला, आणि जोर होता! कुठून आला, देव जाणे.

सात वाजून दहा मिनिटांनी कॅप्टनने तिच्या कार्डावर शेवटचा शिक्का मारला. “पाचवं वर्तुळ! अभिनंदन, ताई.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती कार्ड हातात धरून कठड्याशी उभी राहिली. साडेसात वाजले. कॅप्टनने शिक्का डब्यात ठेवला, पण झाकण लावलं नाही. सात एकेचाळीसला धाकटी आली. तिने सायकल भिंतीला टेकवली, कार्ड काढून कॅप्टनसमोर धरलं आणि म्हणाली, “वेळ काय झाली ती लिहा.”

“अगं, पण आता मोजायचं नाही ना...”

“माहितेय. तरी लिहा. पुढच्या महिन्यात पुन्हा एकपासून.” मग बहिणीकडे न पाहता, पण तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “त्या दिवशी ताई असेल तर मला आधी सांगा. मी दुसऱ्या गटाबरोबर निघेन.”

धाकटी कॅप्टनच्या खुर्चीवर बसून बूट काढू लागली. तिच्याभोवती लोक जमले, कुणी पाणी दिलं, कुणी गुडघ्याला औषध लावलं. पायांतलं त्राण गेलेली, अकरा महिने गमावलेली धाकटी त्या घोळक्यात ताठ बसली होती, आणि तिचा राग इतका सरळ, इतका निर्मळ होता की बाजूला उभ्या असलेल्या तिला त्याचाही हेवा वाटला. असा एक धडधडीत राग आपल्याला जन्मात कधी कुणावर करता आला नाही.

फोन वाजला. आई होती.

“तिचा फोन लागत नाही गं,” आई म्हणाली. “झालं का तिचं?”

“नाही, आई. वेळ उलटून गेली. रस्ता चुकली ती.”

“अगंबाई! कशी चुकली? बरी आहे ना?”

“बरी आहे. गुडघ्याला थोडं लागलंय.”

“असं कसं झालं पण?” आईचा आवाज चिरका झाला. “आणि मग तू कुठे होतीस?”

तिने घोळक्याकडे पाहिलं. मागे होते, असं सांगायचं म्हटलं तर दुपारच्या वळणावर ती मागेच होती. आईला तेवढं पुरलंही असतं.

“पुढे होते,” ती म्हणाली. वाऱ्यामुळे ऐकू गेलं नसेल असं वाटून तिने पुन्हा, मोठ्याने सांगितलं, इतक्या मोठ्याने की घोळक्यातली चार डोकी वळली आणि त्यांत धाकटीचंही होतं. “मी पुढे होते, आई.”